ताइको आणि हलगी : सोलापुरात देवाणघेवाणीची कार्यशाळा कशी भरवावी

ताइकोचे, म्हणजे जपानी ढोलवादनाचे, पथक पाहुणे म्हणून बोलवायचे, स्वागताला हलगी आणि लेझीम लावायची, शाल-श्रीफळ द्यायचे आणि मग सभागृहात त्यांचा प्रयोग करायचा, हा बेत सोलापुरात सहज जमतो. परंतु त्यात हलगीवादक दाराशीच राहतो, म्हणून त्याला देवाणघेवाण म्हणणे कठीण आहे. कार्यशाळा भरवायची असेल तर हलगीवादकाला पहिल्या दिवसापासून शिक्षक म्हणून बोलवावे, आणि मानधन, फलकावरील नाव व शिकवण्याचा वेळ या तिन्ही बाबतींत त्याला जपानी वादकाच्या बरोबरीने धरावे.

तारीख ठरवताना संक्रांतीचा आठवडा टाळावा. सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे शहरातील रस्ते, मैदाने आणि वादक सगळेच गुंतलेले असतात. पाहुण्यांना यात्रा दाखवायची असल्यास कार्यशाळा त्यानंतर ठेवावी. एप्रिल-मेही नको, कारण सोलापूरच्या कोरड्या उन्हात ढोलांच्या लाकडी खोडाला तडे जाण्याची भीती असते.

मोठ्या ढोलांच्या वाहतुकीची चिंता करण्याआधी टायर गोळा करावेत. जगभरातील अनेक ताइको पथके सरावासाठी जुने टायर वापरतात. पंक्चरच्या दुकानातून मोटारीचे टायर घेऊन धुवावेत, तार बाहेर आलेले बाजूला काढावेत आणि एका तोंडावर रुंद पॅकिंग टेप आडवी-उभी, भरपूर ताण देऊन, पोकळी पूर्ण झाकेपर्यंत चिकटवावी. असा टायर कमरेच्या थोडा खाली येईल अशा भक्कम स्टुलावर बांधला की काम भागते. ‘बाची’ म्हणजे वाजवण्याच्या काठ्या साधारण ४० सेंटीमीटर लांब आणि अडीच सेंटीमीटर जाड असतात. त्या लाकडाचे कातकाम करणाऱ्या कारागिराकडून करून घ्याव्यात आणि टोके गोल घासून घ्यावीत, नाहीतर तळहातात कुसे घुसतात.

पहिल्या सत्रात काठ्या हातात देऊ नयेत. ताइकोचे बोल आधी तोंडाने म्हणून शिकतात : मध्यावरच्या भरीव ठोक्याला ‘डोन’, जलद जोडठोक्याला ‘डोको’, कडेवरच्या ठोक्याला ‘का’. तबला शिकलेल्या मुलांना ही पद्धत लगेच उमगते. अवघड जाते ते शरीर. डावा पाय पुढे, गुडघा वाकलेला, उजवा पाय मागे ताणलेला आणि हात डोक्यावर सरळ. तेथून काठी तिच्या वजनाने खाली यावी लागते. गणपतीच्या पथकात ढोल वाजवणारी मुले मनगटाच्या जोरावर ठोका मारतात, त्यांच्याकडे शिक्षकाने अधिक लक्ष द्यावे.

दुसरे सत्र हलगीचे. एका हातात जाड आणि दुसऱ्या हातात बारीक काडी धरून ठेका कसा बांधला जातो, हे पाहुण्यांनी स्वतः वाजवून शिकावे. हलगी वाजवण्यापूर्वी ती विस्तवावर शेकून ताणावी लागते, तर ताइकोतील लहान ‘शिमे’ ढोल दोऱ्या आवळून ताणतात; या दोन्ही कृती शेजारी-शेजारी करून दाखवल्या तर व्याख्यानाची गरजच उरत नाही. सभागृहात विस्तव चालणार नाही, म्हणून शेकण्याची सोय अंगणात करावी.

एकत्र वादनात एका शिमेवर सलग पायाठेका धरावा, त्यावर टायरचे गट आणि शेवटी हलगी व लेझीम यावी. ताइको प्राचीन म्हणून त्यात भर घालू नये, असा संकोच बाळगण्याचे कारण नाही : ढोल जुने असले तरी अनेक ढोल एकत्र वाजवण्याची आजची मंचीय पद्धत १९५१ मध्ये नागानो भागातील दाइहाची ओगुची या जॅझ ड्रमवादकाने सुरू केली.

एक तास चर्चेसाठी अवश्य राखावा. जपानमध्ये कातडे कमावणे आणि ढोल मढवणे ही कामे दीर्घकाळ बुराकु या बहिष्कृत मानल्या गेलेल्या समाजाकडे राहिली आणि त्याबरोबर भेदभावही त्यांच्या वाट्याला आला. ओसाकातील नानिवा भाग ढोल घडवणाऱ्यांसाठी ओळखला जातो. मातंग समाजाने जपलेल्या हलगीच्या गावात हा विषय टाळणे मला तरी अप्रामाणिक वाटते. या तासाला दुभाषा चांगला हवा. पुण्यात जपानी शिकलेली मंडळी बरीच आहेत. ताइकोचे कातडे बहुधा गाईचे असते, हे मंदिराचे आवार किंवा शाळा मागताना आधीच सांगून ठेवावे.

पाहुण्यांना शहर दाखवताना डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारक वाटेत येईलच. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनमध्ये १९३८ साली गेलेल्या वैद्यकीय पथकात ते होते, ही माहिती पथकप्रमुखाला भेटीपूर्वी कळवावी आणि जायचे की नाही ते त्याच्यावर सोपवावे.

उघड्यावरचे वादन रात्री दहाच्या आत संपेल असे वेळापत्रक आखावे आणि पोलीस ठाण्याची परवानगी आधी घ्यावी. टायर मात्र कार्यशाळेनंतर टाकून न देता एखाद्या शाळेत ठेवावेत आणि हलगीवादकाचे मानधन पुढील काही महिन्यांच्या सरावासाठीही अंदाजपत्रकात धरावे.