स्कोपवरची लहर संगणकात आणायची कशी?

प्रोजेक्टच्या दिवसांत पुण्यातल्या पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून सुटे भाग आणून सर्किट जुळवणारी मुलं एक गोष्ट हमखास करतात: स्कोपच्या (विजेची लहर पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपच्या) पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून रिपोर्टला चिकटवतात. फोटो दाखवायला ठीक आहे, पण काल आणि आज घेतलेला रिपल (सप्लायच्या व्होल्टेजमध्ये उरलेला चढउतार) एकमेकांवर ठेवून बघायचा तर आकडेच लागतात.

खालची माहिती रिगॉलच्या डीएस १०५४ झेड या स्कोपवरची आहे. दुसऱ्या कंपनीच्या स्कोपवर मेनू आणि कमांडची नावं वेगळी असतील, क्रम साधारण हाच.

आधी नको ते चॅनल बंद करा, ट्रिगर (लहर पडद्यावर स्थिर धरणारी सेटिंग) बसवा आणि लहर हवी तशी दिसली की रन-स्टॉपचं बटण दाबून ती गोठवा.

एकदोनच लहरी हव्या असतील तर पेन ड्राइव्ह पुरे. तो फॅट-३२ फॉरमॅटचा असू द्या. मी एकदा ६४ जीबीचा नवाकोरा ड्राइव्ह लावून अर्धा तास स्कोपच्या नावाने बोटं मोडली; ड्राइव्ह एक्स-फॅट होता. स्टोरेज मेनूत सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी आकड्यांची फाइल) निवडा आणि डेटा ‘स्क्रीन’वरचा घ्या. ‘मेमरी’ निवडायचा मोह होतो, पण एकच चॅनल चालू असेल तर त्यात एक कोटीहून जास्त बिंदू असू शकतात आणि एक्सेलची शीट १०,४८,५७६ ओळींवर संपते.

पुन्हा पुन्हा मापं घ्यायची असतील तर केबल जोडा. प्रिंटरला लागते तीच, चौकोनी तोंडाची यूएसबी केबल स्कोपच्या मागे बसते. संगणकावर व्हिसा ड्रायव्हर (मोजमापाच्या उपकरणांशी बोलू देणारं सॉफ्टवेअर) टाका, मग पायथन आणि त्यातून व्हिसा वापरू देणारी पायव्हिसा लायब्ररी. पहिली कमांड ओळख विचारण्याची: स्टार, आयडीएन, प्रश्नचिन्ह (*IDN?). उत्तरात कंपनी, मॉडेल आणि सीरियल नंबर आला म्हणजे बोलणं सुरू झालं. पुढे चॅनल, ‘नॉर्मल’ मोड आणि ‘बाइट’ फॉरमॅट सांगून डेटा मागवा. पडद्यावरचे १२०० बिंदू येतात.

लोक अडकतात ते इथे. आलेले आकडे व्होल्ट नसतात, ० ते २५५ मधल्या नुसत्या पायऱ्या असतात. त्यामुळे प्रिॲम्बलही (पायऱ्यांचे व्होल्ट करायला लागणारे आकडे) मागवायचाच. त्यात १० आकडे येतात. बाइटमधून वाय-ओरिजिन आणि वाय-रेफरन्स वजा करा, उरेल त्याला वाय-इन्क्रिमेंटने गुणा. समजा स्केल १ व्होल्ट प्रति घर (पडद्यावरच्या जाळीचा एक चौकोन) आहे आणि वाय-ओरिजिन शून्य. रेफरन्स १२७, इन्क्रिमेंट ०.०४. बाइट १७७ असेल तर ५० गुणिले ०.०४, म्हणजे बरोबर २ व्होल्ट. वेळेचंही तसंच: ५ मिलिसेकंद प्रति घर असेल तर दोन बिंदूंत ५० मायक्रोसेकंदांचं अंतर. ट्रान्सफॉर्मर आणि ब्रिज रेक्टिफायरच्या सप्लायचा १०० हर्ट्झचा रिपल या पडद्यावर सहा वेळा दिसतो.

आलेखाच्या अगदी तोंडाशी विचित्र खड्डा दिसला तर सर्किट उसकटू नका. डेटाच्या आधी ११ बाइटचं शीर्षक येतं, ते काढायचं राहिलंय. पायव्हिसाचं बायनरी वाचणारं फंक्शन ते आपोआप काढतं.

शेवटी संगणकावरचं पीक-टू-पीक स्कोपवरच्या मापाशी ताडून पाहा. ते जुळतंय, पण दोन्ही आकडे अपेक्षेच्या नेमके दहापट किंवा दहावा हिस्सा असतील, तर प्रोबवरचं छोटं बटण बघा. ते आणि चॅनलच्या मेनूतलं प्रोबचं गुणोत्तर जुळत नसणार.