स्वस्त देश निवडताना या चुका टाळा

फोंड्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या, बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी परदेशात कुठे स्थायिक व्हावे हे ठरवण्यासाठी दोनशे पानी वही घातली होती. थायलंडमधील चियांग माईतले घरभाडे, मलेशियातील पेनांगमधील मासळीचा दर, लिस्बनमधल्या कॉफीची किंमत, असे सगळे रकाने त्यांनी व्हिडिओ पाहून नेटाने भरले होते. मात्र त्या देशात भारतीय पासपोर्टवर किती काळ राहता येईल, हा रकानाच वहीत नव्हता. माझ्या पाहण्यातली ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

जॉर्जियाचेच पाहा. अनेक युरोपीय नागरिकांना तिथे व्हिसाशिवाय वर्षभर राहता येत असल्यामुळे इंग्रजी व्हिडिओंत त्या देशाचे गोडवे गायले जातात, पण भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागतो. व्हिएतनामचा ई-व्हिसा जास्तीत जास्त 90 दिवसांचा असतो आणि निवृत्तांसाठी तिथे वेगळा व्हिसा नाही. थायलंडमध्ये वयाची 50 वर्षे पूर्ण केलेल्यांची सोय आहे खरी, परंतु तिथे राहून मुदत वाढवून घेताना तिथल्या बँकेत 8 लाख बाट ठेवलेले किंवा महिन्याला 65 हजार बाटांचे उत्पन्न दाखवावे लागते. 8 लाख बाट म्हणजे वीस लाख रुपयांहून अधिक. ही रक्कम तिथे अडकून पडल्यामुळे इथल्या मुदत ठेवीचे जे व्याज बुडते, ते घरभाड्यातच धरायला हवे.

शिळ्या माहितीवर विसंबणे ही दुसरी चूक. पोर्तुगालची परदेशी निवृत्तांना मिळणारी जुनी करसवलत 2024 पासून नव्या अर्जदारांसाठी बंद झाली, तरी तिची जाहिरात करणारे लेख अजून फिरतच आहेत. त्या देशाच्या डी-7 व्हिसासाठी किमान तिथल्या किमान वेतनाइतके नियमित उत्पन्न दाखवावे लागते. 2025 मध्ये ते वेतन महिना 870 युरो होते आणि ते दरवर्षी वाढते, त्यामुळे अर्ज करण्याच्या दिवशीचा आकडा वकिलातीकडूनच घ्यावा.

पोर्तुगालच्या बाबतीत गोवेकरांचा आणखी एक घोटाळा होतो. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या वारसांना लिस्बनमध्ये नोंदणी करून तिथले नागरिकत्व मिळवण्याची वाट असल्यामुळे ‘पासपोर्ट काढून ठेवूया, पुढचे पुढे पाहू’ असे सहज म्हटले जाते. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वीकारले की भारतीय नागरिकत्व संपते. त्यानंतर ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयांना परदेशी नागरिक म्हणून इथे येण्या-राहण्याची मुभा देणारे) घेतले तरी मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकतही घेता येत नाही. वडिलोपार्जित कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बागायत, वारसाने मिळू शकते; पण शेजारचा तुकडा विक्रीला निघाला, तर तो तुम्हाला घेता येणार नाही. कागदावर सही करण्यापूर्वी घरात जमिनीची बोलणी होऊ द्यावीत.

ऋतूचा विचार न करणे ही चूक गोव्यात राहणाऱ्याने तरी करू नये. डिसेंबरात मोरजीला खोली पाहून भुललेल्या पाहुण्याला श्रावणात कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर चढणारी पांढरी बुरशी दिसलेली नसते. चियांग माईत फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत शेते आणि जंगले जळत असल्यामुळे हवा धुराने भरते. पोर्तुगालमधील कित्येक जुन्या घरांत जानेवारीतील ओलसर गारठ्यात ऊब देणारी यंत्रणा नसते. ज्या महिन्यात पर्यटक फिरकत नाहीत, त्याच महिन्यात भाड्याने राहून पाहावे, आणि तोवर इथले घर विकू नये.

औषधोपचाराचा खर्च बांबोळीच्या गोमेकॉची, म्हणजे सरकारी गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळाची, सवय असलेल्या माणसाच्या ध्यानात येत नाही. साठीनंतरचा विम्याचा हप्ता, आधीच्या मधुमेहासह, लेखी विचारून घ्यावा.

आधीच निघून गेलेल्यांनी दोन गोष्टी तातडीने पाहाव्यात. परदेशी स्थायिक झाल्यावर इथले साधे बचत खाते एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्यात बदलून घ्यावे लागते. ते राहिले असेल, तर बँकेला कळवून लगेच बदलून घ्यावे. थायलंडमध्ये वर्षात 180 दिवस किंवा अधिक राहणाऱ्याने 2024 पासून कमावलेले परदेशी उत्पन्न तिथे आणले, तर ते करपात्र ठरू शकते. म्हणून पेन्शन पाठवण्याआधी दोन्ही देशांमधील करविषयक करार जाणणाऱ्या सनदी लेखापालाला गाठावे. आमच्या शेजाऱ्यांनी आता वहीत हे दोन रकाने आखले आहेत. मासळीच्या दराचे पान मात्र त्यांनी फाडलेले नाही.