गाडीचं वजन कमी करून मायलेज कसं वाढवावं

युरियाची एक बॅग ४५ किलोची. तेवढं वजन गाडीतून उतरवलं तर इंधन जेमतेम एक टक्का वाचतं. म्हणजे लिटरला १८ किलोमीटर देणारी कार १८.२ च्या आसपास जाईल, गाडी छोटी असेल तर किंचित जास्त. पण खर्च काही नाही, म्हणून करायचं.

आधी मोजा. नोझल आपोआप बंद पडेपर्यंत टाकी भरा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, नेहमीच्या रस्त्यानं ३०० किलोमीटर चालवा. मग त्याच पंपावर तशीच टाकी भरून किलोमीटरला लिटरनं भागा. वजन उतरवल्यावर पुन्हा हेच. एकदा जानेवारीत एसी बंद आणि एकदा मे महिन्यात एसी चालू, असं मोजलंत तर त्या आकड्याला अर्थ नाही.

आता डिक्की पूर्ण रिकामी करा आणि लागेल तेवढंच परत ठेवा. पाण्याचे उतरवायचे राहिलेले दोन जार म्हणजे ४० किलो. पेंडीचं पोतं, मोटारीचे सुटे पाइप, जुनी बॅटरी घरी ठेवा. वजन करायला मोंढ्यातल्या मोठ्या वजनकाट्यावर जाऊ नका. तो पाच-दहा किलोच्या टप्प्यानं आकडा दाखवतो, धान्याचा छोटा काटा बरा.

खरी कमाई टपावरच्या कॅरियरमध्ये आहे. ते रिकामं असलं तरी वारा अडवतं, आणि वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. सोलापूर-धुळे महामार्गावर ताशी ९० नं जाताना हे जाणवतं. बोल्ट गंजले असतील तर गंज सोडवणारा स्प्रे मारून अर्धा तास थांबा. लगेच जोर लावला की बोल्टचं डोकं तुटतं. टपाला छिद्रं पाडून बसवलेलं असेल तर ती सिलिकॉननं बुजवा, नाहीतर पहिल्याच पावसात आत पाणी गळतं.

पावसाळ्यात शेतातून आल्यावर चाकांच्या वरच्या पोकळीत हात घालून बघा. काळी माती तिथं थरावर थर बसते आणि वाळली की दगड होते. रिमच्या आतल्या बाजूला चिकटली तर चाकाचा तोल जातो, स्टेअरिंग थरथरतं आणि माणूस उगाच अलाइनमेंट करून येतो. पाणी मारून भिजू द्या, मग लाकडी पट्टीनं काढा. खुरपं नको, त्यानं ब्रेकचा पाइप किंवा सेन्सरची वायर कापली जाते.

स्टेपनी, जॅक, पाना आणि लाल त्रिकोण गाडीतच राहू द्या. सीट काढून टाकण्याच्या भानगडीतही पडू नका. पुढचा लोखंडी बंपर गार्ड मात्र खुशाल काढा. तो एअरबॅगच्या आड येऊ शकतो, आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रानं त्यावर कारवाईचे आदेश दिले आहेत.

शेवटी टायर. ओझ्यासाठी जास्त हवा भरत असाल तर ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर कमी भाराचा आकडा बघून तेवढीच ठेवा. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. त्याहून कमी ठेवलीत तर वाचवलेलं पेट्रोल टायरच खाईल.