सेन्सरचं सॅम्पल गुपचूप हरवू नये म्हणून: लिनक्स ड्रायव्हरमध्ये बफर कसा बसवायचा

सेन्सर ठरलेल्या वेगाने सॅम्पल देत राहतो, तो कुणासाठी थांबत नाही. वाचणारा प्रोग्रॅम मात्र कधी डिस्कवर लिहीत असतो, तर कधी सीपीयू मिळण्याची वाट बघत असतो. ही तफावत सांभाळायला बफर, म्हणजे डेटा तात्पुरता साठवायची जागा, लागतो. लिनक्समध्ये अ‍ॅक्सेलरोमीटर, जायरो, एडीसी (व्होल्टेजचा आकडा करून देणारी चिप) वगैरेंसाठी इंडस्ट्रियल आयओ, म्हणजे आयआयओ, ही व्यवस्था तयार आहे. स्वतःचं कॅरेक्टर डिव्हाइस आणि स्वतःची रिंग लिहायचा मोह होतो, पण तो टाळा. लॉकिंग, पोल, टाइमस्टॅम्प आणि डिव्हाइस मध्येच निघून गेल्यावरची आवराआवर हे सगळं आयआयओमध्ये आधीच सोडवलेलं आहे. खाली फंक्शनांची आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. कोडमध्ये त्यातले शब्द अंडरस्कोरने जोडलेले असतात.

सॅम्पल कुठे कुठे थांबतं

डेटा तीन ठिकाणी साठतो: सेन्सरच्या चिपमधला हार्डवेअर फिफो (आधी आलेलं आधी बाहेर देणारी रांग), कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, केफिफो (तशीच रांग, पण सॉफ्टवेअरमधली) आणि वाचणाऱ्या प्रोग्रॅमचा स्वतःचा बफर. यातला प्रत्येक जण भरल्यावर वेगळं वागतो आणि बहुतेक घोळ इथेच होतात. चिपचा फिफो स्ट्रीम मोडमध्ये असेल तर भरल्यावर जुनं सॅम्पल टाकून नवं ठेवतो. आयआयओचा केफिफो याच्या उलट करतो: तो भरला की नवं सॅम्पल घेतच नाही, आणि डेटा ढकलणाऱ्या फंक्शनला बिझी हा एरर परत मिळतो. बरेच ड्रायव्हर ही परत आलेली किंमत बघतही नाहीत. तुम्ही बघा. एक काउंटर ठेवा आणि रेट-लिमिटेड वॉर्निंग छापा. सॅम्पल हरवणं एक वेळ चालेल, पण ते कळलंच नाही तर पुढचं सगळं गणित चुकत जातं.

आकार ठरवताना वाचणाऱ्यापासून उलट मोजत या. समजा वेग १००० हर्ट्झ आहे आणि प्रोग्रॅम वाईटात वाईट २०० मिलिसेकंद अडकू शकतो. म्हणजे २०० सॅम्पल साठायला जागा हवी. चौपट मोकळीक धरली तर ८००. केफिफो आतून दोनाच्या घातात वर जातो, म्हणून सरळ १०२४ मागा. एक स्कॅन १६ बाइटांचा असेल तर एकूण १६ किलोबाइट झाले. एवढ्या मेमरीसाठी काटकसर करण्यात अर्थ नाही.

आयआयओच्या सेटिंग्ज सिसफसमध्ये छोट्या फाइलींसारख्या दिसतात. त्यातल्या लेंग्थ या फाइलमध्ये तुम्ही काही लिहिलं नाही, तर केफिफोची मूळ लांबी फक्त २ असते. ड्रायव्हर बरोबर असूनही निम्मा डेटा गायब होत असेल तर सगळ्यात आधी ही फाइल उघडून बघा.

स्कॅनची मांडणी

एका वेळच्या सगळ्या चॅनेलांच्या संचाला स्कॅन म्हणतात. त्यातली प्रत्येक किंमत आपल्या आकाराच्या पटीत बसते आणि टाइमस्टॅम्प ६४ बिटांचा असल्यामुळे ८ बाइटांच्या सीमेवरच सुरू होतो. एक्स, वाय, झेड प्रत्येकी १६ बिटांचे असतील तर ६ बाइट डेटा, २ बाइट रिकामे आणि ८ बाइट टाइमस्टॅम्प, असे १६ होतात. फक्त एक्स चालू ठेवला तरी २ बाइट डेटा, ६ रिकामे आणि ८ टाइमस्टॅम्प, म्हणजे पुन्हा १६च. वाचणाऱ्या प्रोग्रॅमने ही मांडणी गृहीत धरू नये. प्रत्येक चॅनेलची टाइप नावाची फाइल वाचून ती ठरवावी, कारण बाइटांचा क्रम, चिन्ह, उपयोगी बिट, साठवणीचे बिट आणि किती बिट उजवीकडे सरकवायचे, हे सगळं त्या एका ओळीत असतं.

मधले २ रिकामे बाइट निरुपद्रवी वाटतात, पण तसे ते नाहीत. स्कॅनसाठी तुम्ही स्टॅकवर एक स्ट्रक्चर घेतलं, तिन्ही अक्ष भरले आणि ते ढकललं, तर त्या फटीत कर्नल स्टॅकवर पडलेला जुना मजकूर तसाच युजरस्पेसमध्ये, म्हणजे साध्या प्रोग्रॅमांच्या हाती, जातो. ही माहितीची गळती आहे. अनेक ड्रायव्हरांमध्ये ती सापडली आणि दुरुस्त करावी लागली. म्हणून स्कॅनचं स्ट्रक्चर ड्रायव्हरच्या खाजगी डेटात ठेवा, कारण तो झिरो करूनच मिळतो. टाइमस्टॅम्पचं फील्ड ८ बाइटांवर अलाइन करा. सेन्सर एसपीआय या बसवर (चिपशी बोलायच्या तारांवर) असेल तर आणखी एक कारण आहे: डीएमएने, म्हणजे सीपीयूला मध्ये न घेता, भरला जाणारा बफर स्टॅकवर चालत नाही, आणि तो दुसऱ्या फील्डसोबत एकाच कॅशलाइनमध्येही नको. आयआयओ डीएमए मिन-अलाइन हा मॅक्रो त्यासाठीच आहे.

सेन्सर तिन्ही अक्ष एकदमच देत असेल तर अव्हेलेबल स्कॅन मास्क्समध्ये तेवढाच संच सांगा. कुणी एकच अक्ष मागितला तर उरलेले गाळायचं काम आयआयओ करतं.

ट्रिगर आणि हँडलर

ट्रिगर म्हणजे नवं सॅम्पल वाचायची सूचना, आणि हँडलर म्हणजे त्या सूचनेवर चालणारं फंक्शन. डिव्हाइस सापडल्यावर चालणाऱ्या प्रोब फंक्शनमध्ये डिव्हाइस रजिस्टर करण्याआधी आयआयओ ट्रिगर्ड बफर सेटअप बोलवा, शक्यतो त्याची डेव्हएम आवृत्ती, म्हणजे उलट क्रमाने आवरणं आपोआप होतं. या फंक्शनला दोन हँडलर द्यायचे असतात. पहिला इंटरप्ट संदर्भात चालतो, आणि तिथे फक्त वेळ टिपायची असते. त्यासाठी आयआयओ पोलफंक स्टोअर टाइम तयार आहे. दुसरा थ्रेडमध्ये चालतो आणि आयटूसी (तशीच दुसरी बस) किंवा एसपीआयचं वाचन तिथे होतं. ही वाचनं झोपू शकतात, त्यामुळे ती पहिल्या हँडलरमध्ये कधीच नकोत.

थ्रेडमधल्या हँडलरच्या शेवटी आयआयओ ट्रिगर नोटिफाय डन बोलवलंच पाहिजे, वाचन फसलं तरीही. बसवर एकदा एरर आला, तुम्ही मध्येच रिटर्न केलं आणि ही ओळ राहून गेली, तर ट्रिगरच्या लेखी मागचं काम संपलेलंच नसतं. मग पुढचा एकही ट्रिगर तुमच्यापर्यंत येत नाही. डिव्हाइस जिवंत दिसतं, डेटा मात्र थांबलेला असतो. म्हणून एररच्या वाटासुद्धा एकाच लेबलवर आणा आणि ही ओळ तिथे ठेवा. याच नियमाची दुसरी बाजू अशी: हँडलरला एका सॅम्पलच्या कालावधीपेक्षा जास्त वेळ लागला, तर मधला ट्रिगर मुकाट्याने सोडून दिला जातो.

बफर चालू असताना कुणी एकेरी किंमत वाचायला आलं, तर दोघं एकाच रजिस्टरवर भांडतात. एकेरी वाचनाच्या वाटेवर आयआयओ डिव्हाइस क्लेम डायरेक्ट वापरा (जुन्या कर्नलांत याचं नाव क्लेम डायरेक्ट मोड होतं). बफर चालू असेल तर ते वाचन नाकारलं जातं आणि तेच योग्य आहे.

चिपमधला फिफो वापरायचा तर

बसवरचा वेळ मोजला की फिफोची किंमत लगेच कळते. ४०० किलोहर्ट्झच्या आयटूसीवर १२ बाइटांचं एक सॅम्पल वाचायला पत्ता, रजिस्टर, पुन्हा पत्ता आणि डेटा मिळून १५ बाइट लागतात. पोचपावतीचा बिट धरून १३५ बिट, म्हणजे सुमारे ३४० मायक्रोसेकंद. त्याआधी फिफोची दोन बाइटांची मोजणी वाचली तर आणखी ११० च्या आसपास. १००० हर्ट्झला दर सॅम्पलला हे केलं तर बस ४५ टक्के वेळ व्यापलेली राहते. तेच २० सॅम्पल एकदम ओढली तर मोजणीसकट साधारण ५.६ मिलिसेकंद लागतात, म्हणजे २८ टक्के. शिवाय सीपीयू सेकंदाला १००० ऐवजी ५० वेळाच जागा होतो.

मात्र सगळ्या चिपा सलग ओढू देत नाहीत. एडीएक्सएल३४५ या अ‍ॅक्सेलरोमीटरचा फिफो ३२ नोंदींचा आहे. त्यातली एक नोंद म्हणजे ६ बाइट, आणि ते एकाच वाचनात घ्यावे लागतात. एक वाचन संपल्यापासून फिफोचं पुढचं वाचन सुरू होईपर्यंत किमान ५ मायक्रोसेकंद जावे लागतात. आयटूसीवर हे आपोआप सांभाळलं जातं, पण वेगवान एसपीआयवर मुद्दाम थांबावं लागतं.

एमपीयू-६०५० चा फिफो १०२४ बाइटांचा आहे. अ‍ॅक्सेलरोमीटर आणि जायरो मिळून १२ बाइटांचा एक संच. १२ ला ८५ ने गुणलं की १०२० येतात आणि ४ बाइट उरतात. १००० हर्ट्झला हा फिफो ८५ मिलिसेकंदांत भरतो आणि मग जुने बाइट पुसायला लागतो. पुसणं संचाच्या सीमेवर होत नाही, त्यामुळे त्यानंतर वाचलेला पहिला बाइट कुठल्या तरी अक्षाच्या मधला असतो. अक्ष एकमेकांच्या जागी सरकतात, आणि आकडे खरे वाटतील असेच दिसतात. ओव्हरफ्लोचा बिट दिसला की सॅम्पल वाचवत बसू नका. फिफो रिसेट करा, टाइमस्टॅम्पचा हिशेब नव्याने सुरू करा आणि लॉगमध्ये नोंद ठेवा.

वॉटरमार्क इंटरप्ट असलेल्या, म्हणजे फिफो ठरलेल्या पातळीपर्यंत भरला की सूचना देणाऱ्या, चिपांवर एक सापळा असतो. वर मोजलेल्या ५.६ मिलिसेकंदांत आणखी पाच-सहा सॅम्पल येतात. वॉटरमार्क लहान असेल, तर वाचून संपेपर्यंत फिफो पुन्हा त्या पातळीवर पोचलेला असतो आणि इंटरप्टची लाइन खाली येतच नाही. इंटरप्ट एजवर, म्हणजे लाइन बदलण्याच्या क्षणावर, लावलेला असेल तर नवी एज कधीच मिळत नाही आणि सगळं गप्प होतं. लेव्हल इंटरप्ट (लाइन वर आहे तोवर चालू राहणारा) आणि वनशॉट फ्लॅग (हँडलर संपेपर्यंत इंटरप्ट रोखून धरणारा) वापरा. हार्डवेअर फक्त एजच देत असेल तर हँडलरमधून बाहेर पडण्याआधी मोजणी पुन्हा वाचा आणि ती वॉटरमार्कच्या खाली येईपर्यंत फिरत राहा.

एका इंटरप्टमध्ये २० सॅम्पल आली तर प्रत्येकाला स्वतःची वेळ द्यावी लागते. इंटरप्टची वेळ ही वॉटरमार्क गाठणाऱ्या सॅम्पलची. त्याच्या आधीच्यांची वेळ एकेक कालावधी मागे जाऊन काढा. कालावधी डेटाशीटमधला धरू नका, कारण चिपचं अंतर्गत घड्याळ नेमकं नसतं आणि तापमानाबरोबर हलतं. दोन इंटरप्टमधला वेळ भागिले सॅम्पलांची संख्या, आणि त्यावर हळू बदलणारी सरासरी, एवढं पुरतं. आयआयओचं मूळ घड्याळ रिअलटाइम असतं. नेटवर्कवरून वेळ दुरुस्त झाली की ते उडी मारतं. करंट टाइमस्टॅम्प क्लॉक या फाइलमध्ये मोनोटॉनिक लिहा.

चालू करण्याचा क्रम

आधी एनेबलमध्ये ० लिहून बफर बंद करा. मग हवे ते चॅनेल आणि टाइमस्टॅम्प चालू करा, करंट ट्रिगरमध्ये ट्रिगरचं नाव लिहा, लेंग्थ द्या, मग वॉटरमार्क, आणि शेवटी एनेबलमध्ये १. वॉटरमार्क लेंग्थपेक्षा मोठा दिला तर नाकारला जातो, म्हणून लेंग्थ आधी. बफर चालू असताना चॅनेल किंवा लांबी बदलायला गेलात तर बिझी मिळेल. प्रोग्रॅमने रीडमध्ये स्कॅनच्या आकाराच्या पटीतच बाइट मागावेत, कारण एका स्कॅनपेक्षा कमी मागितले तर इनव्हॅलिड एरर येतो.

मुद्दाम भरून बघा

लेंग्थ १०२४ आणि वेग १००० हर्ट्झ ठेवा. वाचणाऱ्या प्रोसेसला स्टॉप सिग्नल पाठवा, २ सेकंद थांबा, कंटिन्यू पाठवा आणि लागोपाठच्या टाइमस्टॅम्पांमधला फरक छापा. केफिफो नवी सॅम्पल नाकारतो, त्यामुळे आधी साधारण १०२४ सॅम्पल सलग मिळायला हवीत, मग एक सेकंदाच्या जवळपास खिंड, म्हणजे सॅम्पल नसलेला काळ, आणि पुन्हा सुरळीत. तुमच्या काउंटरमध्येही तेवढीच नाकारलेली सॅम्पल दिसली पाहिजेत. खिंड मध्येच कुठे तरी, लहान लहान तुकड्यांत दिसली, तर डेटा केफिफोत नाही, चिपच्या फिफोत किंवा सुटलेल्या ट्रिगरमध्ये जातो आहे. खिंड दिसलीच नाही, तर टाइमस्टॅम्प मोजून काढलेले नसून नुसते बेरीज करत चालले आहेत. तेव्हा आधी तो हिशेब दुरुस्त करा आणि मगच ही चाचणी पुन्हा घ्या.