वाकवलेल्या पाइपाला भेग: भट्टीने सुटलेला प्रश्न

वाळूजच्या आमच्या शेडमध्ये ए-१०६ ग्रेड बी (साध्या कार्बन पोलादाचा एक प्रकार) पाइपाचे थंड, म्हणजे न तापवता, वाकवलेले बेंड आले, वेल्डिंगला घेताच एकाच्या बाहेरच्या अंगाला केसाएवढी भेग. पुरवठादार म्हणाला, माल खराब. मला ते पटलं नाही, माझा संशय वाकवताना बसलेल्या ताणावर होता.

हिशोब सोपा आहे. बेंडची त्रिज्या पाइपाच्या व्यासाच्या तिप्पट असेल, तर बाहेरची बाजू साधारण १६.७ टक्के ताणली जाते. या पोलादाची तुटण्याआधी लांबण्याची किमान क्षमता ३० टक्के, बी ३१.३ या पाइपिंगच्या अमेरिकन संहितेनुसार तिच्या निम्म्यापुढे, म्हणजे १५ च्या वर गेलात की सहसा उष्णता-उपचार लागतो. पाचपट त्रिज्येला १० टक्केच, तिथे सुटका होते.

भेगाळलेला बेंड भंगारात टाकला. बाकीचे तपासून भट्टीत घातले: ६०० ते ६५० अंश सेल्सिअस, तासभर, मग भट्टीतच सावकाश थंड. गॅसच्या ज्योतीने कुणी 'लाल करून देतो' म्हणालं तर हात जोडा, एक बाजू तापते नि दुसरी तशीच राहते. थर्मोकपल (तापमान मोजायची तार) पाइपालाच लावा, भट्टीच्या भिंतीला नव्हे. खाली टेकू द्या, नाहीतर पाइप झोळ खातो. तोंडं उघडी ठेवा. तापल्यावर आत ऑक्साइडचा पापुद्रा मात्र धरतो, तो नंतर साफ करावा लागतो.