एकट्याने आयर्लंड फिरताय? परतीच्या दिवसांतल्या या चुका टाळा

माझं घर सोर्ड्समध्ये आहे, डब्लिन विमानतळापासून गाडीने दहा मिनिटांवर. त्यामुळे मिरज, सांगली, पुण्याकडचं कुणी एकट्याने आयर्लंड बघायला आलं की त्यांची शेवटची रात्र बहुधा आमच्याकडे असते. कुणी भाचीची मैत्रीण, कुणी दिराच्या ऑफिसातला मुलगा, कुणी आईच्या भिशीतल्या बाई. येतानाची तयारी सगळ्यांची चोख असते. व्हिसा, रेनकोट, थर्मल, मेथीचे ठेपले, सगळं जागच्या जागी. परतीचा विचार मात्र कुणीच केलेला नसतो. दरवर्षी त्याच चुका बघते आणि फोनवर तेच सांगते. म्हणून आता एकदा लिहूनच काढते.

सगळ्यात लांबचं ठिकाण शेवटी ठेवणं

या चुकीने मला सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण ती करणारी माणसं मनापासून फिरणारी असतात. त्यांचा विचार असा की पश्चिम किनारा सगळ्यात सुंदर, म्हणून तो शेवटचा गोड घास म्हणून ठेवायचा. नकाशात देश एवढासा दिसतो. गॉलवेहून डब्लिनला बसने अडीच तास. मग काय, आदल्या दिवशी निघालं तरी चालेल!

नाशिकची एक मुलगी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आली होती. हुशार, धीट, दोन आठवडे एकटीने फिरलेली. शुक्रवारी ती इनिश मोरला गेली. हे अरन बेटांपैकी सगळ्यात मोठं. गॉलवेहून तासभर बस, मग रोसाव्हीलच्या धक्क्यावरून चाळीसेक मिनिटं बोट. रविवारी संध्याकाळी गॉलवेला परत यायचं, सोमवारी पहाटेची बस धरायची आणि दुपारी एकचं विमान गाठायचं, असा तिचा बेत होता. शनिवारी दुपारी मेट एरनने, म्हणजे इथल्या हवामान खात्याने, वाऱ्याचा इशारा दिला. ती राहत होती त्या घरातल्या आजींनी तिला स्पष्ट सांगितलं, की आजच संध्याकाळच्या बोटीने जा, उद्या बोट सुटेल असं मला वाटत नाही. पण तिला डून एंगसच्या, म्हणजे बेटावरच्या प्राचीन किल्ल्याच्या कड्यावर आणखी एक सकाळ हवी होती. ती राहिली.

रविवारी एकही बोट सुटली नाही.

दुपारी तिचा मला फोन आला. मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता विमान कंपनीला फोन लाव आणि तारीख पुढे ढकल. विमान सुटायच्या आधी बदललंस तर दंड आणि भाड्यातला फरक एवढ्यावर निभावेल. न सांगता गैरहजर राहिलीस तर तिकीट हातचं जाईल." ती म्हणाली, "मावशी, उद्या सकाळची पहिली बोट आहे ना, ती मिळाली की पोचते मी." तिने फोन केलाच नाही. सोमवारी समुद्र निवला, बोट सुटली. पण तो सोमवार ऑक्टोबरच्या बँक हॉलिडेचा, म्हणजे सार्वजनिक सुट्टीचा होता. त्या दिवशी बऱ्याच बस रविवारच्या वेळापत्रकाने धावतात. गॉलवेत तिचा अर्धा तास गेला. ती विमानतळावर पोचली तेव्हा विमान गेटवर उभं होतं, पण सामान घेणारं काउंटर बंद झालं होतं. काचेतून तिला ते विमान दिसत होतं. तो फोन मी अजून विसरलेले नाही. घरी जाण्यासाठी तिला एका बाजूचं नवं तिकीट काढावं लागलं. दोन्ही बाजूंच्या तिकिटाला गेले होते जवळपास तेवढेच पैसे पुन्हा गेले.

यात वाऱ्याला दोष देऊ नका. अटलांटिकवरचा वारा ऑक्टोबरात असाच असतो. त्या आजींचं आयुष्य त्या बेटावर गेलं होतं. त्यांचं ऐकायचं होतं.

माझा नियम साधा आहे. विमानाच्या आधी पूर्ण दोन दिवस तुम्ही डब्लिनमध्ये असलं पाहिजे. बेटं, डिंगल, मोहरचे कडे, डोनेगल हे सगळं सहलीच्या पहिल्या अर्ध्यात करा. मोहरचे कडे २१४ मीटर उंच आहेत, पण धुकं उतरलं की हातभर अंतरावरचं दिसत नाही. सहलीच्या सुरुवातीला गेलात तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाता येतं. शेवटी गेलात तर धुक्याचे फोटो घेऊन घरी.

"दोन दिवस डब्लिनमध्ये काय करायचं?" असं विचारणाऱ्यांची मला काळजी वाटते. किल्डेअर स्ट्रीटच्या राष्ट्रीय संग्रहालयात सोन्याचे हजारो वर्षांपूर्वीचे दागिने आहेत, दलदलीत सापडलेली माणसांची शरीरं आहेत, आणि तिकीट नाही. फक्त रविवारी आणि सोमवारी ते दुपारी एकला उघडतं. डब्लिन कासलच्या आवारात चेस्टर बीटीचं संग्रहालय आहे, तेही फुकट. तिथली मुघल लघुचित्रं बघताना मी स्वतः दोन तास एका दालनात काढले आहेत. सेंट स्टीफन्स ग्रीन बागेत रवींद्रनाथांचा अर्धपुतळा आहे, त्याच्याजवळच्या बाकावर बसा. ऊन असेल तर डार्टने, म्हणजे इथल्या लोकलने, होथला जा, समुद्राकडेच्या वाटेवर चाला आणि अंधार पडायच्या आत परत या. पाय दुखत असतील तर ग्लासनेव्हिनची वनस्पती उद्यानं आहेत. एवढ्यात दोन दिवस भरतात. आणि बोट रद्द होवो की बस चुको, तुमचं विमान सुखरूप असतं.

"कोण तपासतंय?" म्हणत उत्तरेकडे जाणं

शेवटचा एक दिवस मोकळा दिसला की लोक डब्लिनहून जायंट्स कॉजवेची बस धरतात, उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्यावरचे ते खांबांसारखे खडक बघायला. सकाळी जाऊन रात्री परत. उत्तर आयर्लंड हा ब्रिटनचा भाग आहे आणि आपल्या पासपोर्टवर तिथे जायला परवानगी लागते. तुमच्या आयरिश व्हिसावर बीआयव्हीएस असा शिक्का असेल तर हरकत नाही, ती दोन्ही देशांची सोय भारतीयांसाठी आहे. तो नसेल आणि ब्रिटनचा वेगळा व्हिसाही नसेल, तर जाऊ नका. सीमेवर चौकी नाही, रस्त्यावरचे वेगाचे फलक किलोमीटरचे मैल होतात तेवढ्यावरूनच देश बदलल्याचं कळतं. म्हणून "काही होत नाही हो काकू" असं ऐकवणारी मुलं मी पाहिली आहेत. बसमध्ये अधूनमधून कागद तपासतात. आणि एकदाच प्रवेश देणाऱ्या व्हिसावर तुम्ही देश सोडला की परत यायचा हक्क संपतो. उद्या विमान आहे आणि आज तुम्ही बेलफास्टला बसलाय, अशी अवस्था एका खडकासाठी कुणी ओढवून घेऊ नये. कॉजवे कितीही सुंदर असला तरीही.

छोट्या पण महाग चुका

भाड्याची गाडी घेतली असेल तर एम-५० चा, म्हणजे डब्लिनभोवतीच्या महामार्गाचा टोल लक्षात ठेवा. तिथे नाका नाही, कॅमेरा नंबर टिपतो आणि पैसे दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत भरायचे असतात. गाडी घेतानाच विचारा की टोल कंपनी भरणार की तुम्ही. इकडे विमानात बसलात आणि तिकडे दंड वाढत गेला, असं होतं.

विमानतळावर रेल्वे जात नाही. दरवेळी कुणीतरी स्टेशन शोधत बसतं.

डब्लिनच्या शहर बसमध्ये नोटा घेत नाहीत, सुटे परत देत नाहीत. लीप कार्डात, म्हणजे बस-ट्रेनच्या प्रीपेड कार्डात, शेवटच्या प्रवासापुरते पैसे ठेवा.

ख्रिसमसच्या दिवशी डब्लिन विमानतळ बंद असतो, बस नाही, ट्रेन नाही. २४ डिसेंबरला निघा, नाहीतर २६ नंतर.

मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळ एक तास पुढे जातं. फोन आपोआप बदलतो, हॉस्टेलच्या भिंतीवरचं घड्याळ नाही.

एकट्या माणसाचा रात्रीचा मुक्काम वाचवायला विमानतळावर झोपणं हा बचतीचा मार्ग नाही. पाठ आखडते, बॅग उशाशी धरून झोप लागत नाही आणि पुढचा अठरा-वीस तासांचा प्रवास तसाच करावा लागतो. भारताला इथून थेट विमान नाही, मध्ये कुठेतरी उतरावंच लागतं. त्या मधल्या थांब्यासाठी अंगात त्राण ठेवा.

आणि स्वस्त पडतं म्हणून डब्लिन ते लंडन एक आणि लंडन ते मुंबई वेगळं, अशी दोन तिकिटं जोडू नका. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी तुमची वाट बघत नाही. शिवाय बॅग घेऊन पुन्हा देण्यासाठी तुम्हाला त्या देशात शिरावं लागतं, म्हणजे पुन्हा व्हिसा आलाच. एका तिकिटावरचा प्रवास थोडा महाग असतो, त्या जास्तीच्या पैशात निश्चिंती मिळते.

बाटली, बरणी आणि दुसरा विमानतळ

सप्टेंबर २०२५ पासून डब्लिन विमानतळाने १०० मिलिलिटरची अट काढली. आता दोन लिटरपर्यंतचा द्रवपदार्थ हातातल्या बॅगेत चालतो, बाहेरही काढावा लागत नाही. ही बातमी ऐकून आमच्याकडे राहिलेल्या एका काकांनी शहरातून घेतलेल्या व्हिस्कीच्या दोन बाटल्या आणि मधाची बरणी पाठीवरच्या पिशवीत टाकली. मी दारात उभी राहून सांगितलं, चेक-इनच्या बॅगेत ठेवा. ते म्हणाले, इथे चालतं. इथे चाललंच. पण मधल्या विमानतळावर पुन्हा तपासणी झाली, तिथली अट जुनीच होती, आणि भावासाठी घेतलेल्या दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवून त्यांना पुढे जावं लागलं. मधही गेला.

म्हणून बाटली लोकरीच्या स्वेटरात गुंडाळून चेक-इनच्या बॅगेच्या मधोमध ठेवा. भारतात माणशी दोन लिटर दारू करमुक्त आणता येते, तेवढीच घ्या. अरनचे स्वेटर दोन घेतले असतील तर एक अंगात घाला. बॅग आदल्या दिवशी काट्यावर तोला, सकाळी नाही. सकाळी तोलणारी माणसं माझ्या बैठकीत बॅगेतल्या चपला काढून टाकताना मी पाहिली आहेत, आणि शेवटी टाकतात त्या नेमक्या चांगल्याच वस्तू.

करपरताव्याचे, म्हणजे खरेदीवरचा व्हॅट परत मिळवायचे कागद हातात ठेवा. इथे ७५ युरोच्या वरच्या खरेदीवर तो मिळतो, हॉटेल आणि जेवणावर नाही. फ्रँकफर्ट किंवा पॅरिसमार्गे जाणार असाल तर हातातल्या वस्तूंचा शिक्का युरोपीय संघातल्या शेवटच्या विमानतळावर घ्यायचा असतो, डब्लिनला नाही. त्यासाठी मधल्या थांब्यात वेळ हवा.

घरी पोचल्यावर लगेच सगळ्यांना बोलावणं

ही चूक प्रवासाच्या पुस्तकांत कुणी लिहीत नाही, आणि मला ती नाशिकच्या मुलीच्या बोटीइतकीच महत्त्वाची वाटते.

आईच्या भिशीतल्या बाई, रत्नागिरीच्या निवृत्त शिक्षिका, एकोणीस दिवस एकट्या फिरल्या. आयुष्यात पहिल्यांदा एकट्या. घरी पोचल्या त्याच संध्याकाळी मुलगा, सून, नातवंडं, शेजारी सगळे जमले. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "सगळे विचारतात काय काय पाहिलंस. मी सांगते, हिरवंगार होतं, थंडी होती. एवढंच येतं गं तोंडातून. बाकी कुठे गेलं?" त्यांचा आवाज ऐकून मला फार वाईट वाटलं. एकट्याने फिरलेलं दुसऱ्या कुणाच्या आठवणीत नसतं. दोघं गेले की एक विसरतो ते दुसरा सांगतो. इथे फक्त तुम्ही. साडेचार-साडेपाच तासांचा वेळेचा फरक, न झोपलेलं डोकं, समोर दहा माणसं, आणि ते सगळं दोन वाक्यांत संपतं.

तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर मी दोनशे पानी वही ठेवते. शेवटच्या संध्याकाळी, बॅग भरून झाल्यावर, पाहुण्याला चहा देते आणि वही पुढे सरकवते. फोटो बघून लिहू नका, असं सांगते. फोटोत नाही ते लिहा. बसमधली शेजारीण काय बोलली, कुठल्या बंदरावर मासे भाजल्याचा वास होता, कुठे भीती वाटली. आणि घरी गेल्यावर दोन दिवस दार लावून झोपा, तिसऱ्या दिवशी लोकांना बोलवा.

नाशिकची ती मुलगी सोमवारी संध्याकाळी विमानतळावरून ४१ नंबरच्या बसने आमच्याकडे आली. डोळे सुजलेले. जेवली नाही. मी वही ठेवली आणि आत गेले. रात्री अकराला बाहेर आले तेव्हा तिची चौदा पानं झाली होती. पहिलं पान त्या बेटावरच्या आजींबद्दल होतं. रविवारी बोट सुटली नाही तेव्हा त्यांनी तिला पैसे न घेता ठेवून घेतलं होतं, आणि दिवसभर खिडकीत बसून तिच्यासोबत समुद्राकडे बघत राहिल्या होत्या.