कस्टम रायफल बांधून घेताय? गनस्मिथ निवडताना या चुका टाळा

माझ्या पहिल्या कस्टम रायफलीने पहिल्याच दिवशी टार्गेटच्या कागदाला आडवी भोकं पाडली. गोल नव्हेत, लांबट. गोळी नाकासमोर जायची सोडून कुशीवर होऊन कागदात शिरली होती. दोन गोळ्या तर कागदावर सापडल्याच नाहीत. रायफल दिसायला मात्र देखणी: अक्रोडाचा दस्ता, लोण्यासारखा सरकणारा बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग).

दोष पिळात होता, म्हणजे गोळीला गिरकी देणाऱ्या नळीतल्या वळणदार खाचांत. नळी .२२३ या काडतुसाची आणि पीळ १२ इंचांत एक फेरा. ५५ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) गोळीला तो चालतो. मी वापरत होतो ७७ ग्रेनची, म्हणजे जड आणि लांब. गोळी जितकी लांब, तितकी तिला स्थिर राहायला जोरात गिरकी लागते, आणि ७७ ग्रेनला ८ किंवा ७ इंचांत एक फेरा हवा. कारागिराने गोळी कोणती वापरणार हे विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तेव्हापासून मी गनस्मिथ जोखतो तो त्याच्या प्रश्नांवरून. रायफल कशासाठी, किती अंतरावर, कारखान्याची काडतुसं की घरी भरलेली, वर्षाला साधारण किती फैरी, वजन किती पेलवेल, हे सगळं न विचारता जो थेट "कोणता रंग?" म्हणतो, त्याच्याकडून उठून यावं.

फोटोंना भुलू नका

चकचकीत कोटिंग आणि लाकडावरचं नक्षीकाम फोटोत छान येतं. चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) सरळ कापलंय का, हे फोटोत येत नाही. त्याच्या कामाचा अर्धवट झालेला नमुना बघायला मागा. नळीचं तोंड भिंगाखाली धरा: पिळाच्या कडा सगळीकडे सारख्या हव्यात, कुठे चरा किंवा बारीक किस नको. गोळी नळी सोडते तेव्हा तिला शेवटचा स्पर्श या कडेचा होतो. कड एका बाजूला दुखावलेली असेल, तर मागून सुटणारा वायू गोळीला त्या बाजूने ढकलतो. बोअरस्कोप असेल तर नळी आतून दाखवायला सांगा. चांगला कारागीर आनंदाने दाखवतो, बहुतेकदा अर्धा तास भाषणही देतो.

आधीच्या गिऱ्हाइकांशी बोलताना "रायफल कशी आहे?" एवढंच विचारलं तर सगळे "झकास" म्हणतात. त्याऐवजी "तक्रार घेऊन गेलात तेव्हा काय झालं?" असं विचारा.

गेज न बघता ताबा घेऊ नका

मला सगळ्यात मोठी वाटते ती हीच चूक. बोल्टच्या तोंडापासून, चेंबर काडतुसाच्या खांद्याला (जिथे ते मानेकडे निमुळतं होतं) जिथे टेकू देतं तिथपर्यंतचं अंतर म्हणजे हेडस्पेस. .३०८ विंचेस्टर या काडतुसासाठी हे अंतर तपासायचा गो गेज (काडतुसाच्या आकाराचा मापाचा तुकडा) १.६३० इंचांचा आणि नो-गो १.६३४ इंचांचा असतो. पहिल्यावर बोल्ट बंद व्हायला हवा, दुसऱ्यावर नाही. दोन्हींत फरक चार थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे साध्या कागदाच्या एका पानाच्या जाडीइतका. पुढे १.६३८ चा फील्ड गेज असतो. त्यावरही बोल्ट बंद झाला तर ती रायफल चालवायची नाही.

ही तपासणी आपल्यासमोर करायला सांगा आणि त्याच्या हाताकडे बघा. जाणता माणूस आधी बोल्टमधली फायरिंग पिन आणि एक्स्ट्रॅक्टर (काडतूस बाहेर ओढणारी आकडी) काढतो, चेंबर पुसतो, गेज ठेवतो आणि बोल्टचा दांडा एका बोटाने अलगद खाली आणतो. नो-गोवर तो दांडा मध्येच थांबतो, आणि त्याचं बोटही तिथेच थांबतं. जो तळहाताने दाबून "बघा, बसला की" म्हणतो, तो गेजही खराब करतोय आणि तुम्हालाही फसवतोय.

हेडस्पेस जास्त असेल तर प्रत्येक फैरीला पुंगळी (काडतुसाचं धातूचं कवच) बुडाजवळ ताणली जाते. तिथे चकचकीत कडं दिसू लागतं आणि एक दिवस ती तिथेच फाटते. हे माप त्याच नळीचं आणि त्याच बोल्टचं असतं, म्हणून मित्राच्या रायफलीचा बोल्ट "तसाच तर आहे" म्हणून घालून बघू नका.

"मॅच चेंबर"चा मोह

घट्ट कापलेलं (मॅच, म्हणजे स्पर्धेचं) चेंबर म्हणजे अचूक रायफल, असा एक समज आहे. स्पर्धेसाठी प्रत्येक पुंगळीची मान स्वतः तासणाऱ्याला ते परवडतं. तुम्ही कारखान्याची काडतुसं वापरणार असाल, तर मानेला फाकायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. कोणत्या रीमरने, म्हणजे कापायच्या अवजाराने, चेंबर कापणार ते विचारा, त्या रीमरचं ड्रॉइंग मागा. ५.५६ आणि .२२३ ही काडतुसं बाहेरून जुळी दिसतात, पण ५.५६ च्या चेंबरचा घसा (गोळी पिळाला भिडण्याआधीची जागा) लांब असतो. .२२३ च्या चेंबरमध्ये ५.५६ चं काडतूस उडवलं की दाब धोकादायक पातळीवर जाऊ शकतो. आत जे कापलंय तेच नाव नळीवर बाहेर ठोकलेलं हवं. हे क्षुल्लक वाटतं, पण उद्या रायफल दुसऱ्या कुणाच्या हातात गेली, तर त्याच्याकडे दुसरी कोणतीच खूण नसते.

अर्ध्या एमओएची गॅरंटी

एमओए (मिनिट ऑफ अँगल) हे भोकं किती पसरली ते सांगणारं कोनाचं माप; एक एमओए म्हणजे १०० मीटरवर साधारण २.९ सेंटिमीटर. "अर्ध्या एमओएची गॅरंटी" ऐकलं की मी तीन प्रश्न विचारतो: कोणत्या काडतुसाने, किती फैरींचा ग्रुप (एकाच नेमाने पडलेल्या भोकांचा पुंजका), आणि नेम कुणाचा? तीन फैरींचा ग्रुप नशिबानेही लहान येतो. पाच-पाच फैरींचे लागोपाठ चार ग्रुप दाखवा म्हटलं की आवाज जरा खाली येतो. त्यातला सर्वांत लहान ग्रुप फ्रेम करून भिंतीवर लावणारे बरेच भेटतात. बाकीचे तीन कुठे गेले, हे त्यांना जरूर विचारा.

"नाही" म्हणणारा माणूस

मला चाप अगदी हलका हवा होता. दुसऱ्या कारागिराने साफ नकार दिला. त्याने रिकाम्या रायफलीचा बोल्ट चढवला, दस्त्याचं बूड जाड रबरी चटईवर आपटलं आणि पिन सुटली नाही हे दाखवलं. मग म्हणाला, "याहून हलका केला तर हे असं ठामपणे सांगता येणार नाही." शिकारीच्या रायफलीला टार्गेट रायफलीचा चाप मागणाऱ्याला जो "होऊन जाईल" म्हणतो, तो तुमचा मित्र नव्हे.

तसंच "नोंद-बिंद कशाला?" म्हणणाऱ्याकडे हत्यार ठेवू नका, तो कितीही हुशार असो. परवाना बघा. रायफल सोडताना क्रमांकासकट पावती घ्या, रात्री ती कुठे कुलूपबंद राहते ते विचारा. नळीची बनावट, पीळ, लांबी, काडतूस, चापाचं वजन, तारीख, हप्ते हे सगळं एका कागदावर सहीनिशी हवं. पूर्ण पैसे आगाऊ देऊ नका. आणि काम निम्मं झाल्यावर "काडतूस बदलू या का?" असा फोनही करू नका. अशा फोनानंतर तारीख पुढे गेली तर दोष त्याचा नसतो.

रायफल आली, पण ग्रुप पसरतोय

लगेच भांडायला जाऊ नका. आधी स्कोपच्या रिंगांचे आणि दस्त्याचे स्क्रू टॉर्क रेंचने तपासा. अर्धे आजार इथेच निघतात. नळी मोकळी ठेवलेली असेल तर नळी आणि दस्ता यांमध्ये कागदाची पट्टी सरकवा. मध्येच अडकली तर लाकूड नळीला टेकतंय. मग दुसऱ्या जातीची काडतुसं, आणि शेवटी दुसऱ्याचा हात. दुसऱ्याच्या हातात ग्रुप आवळला तर विषय तिथेच संपला (माझा एकदा संपलाय).

पण बोल्ट उचलायला जड जातोय, प्रायमर (पुंगळीच्या बुडातली दारू पेटवणारी टोपी) चपटे होऊन कडांपर्यंत पसरलेत किंवा पुंगळीच्या बुडाजवळ ते चकचकीत कडं दिसतंय, तर पुढची फैर झाडू नका. पुंगळ्या उडवल्या त्या क्रमाने डबीत ठेवा आणि रायफल, उरलेली काडतुसं व टार्गेटचा कागद घेऊन त्याच्याकडे जा.

माझ्या पहिल्या कारागिराने ते आडव्या भोकांचे कागद बघितलेही नाहीत, "गोळी बदला" म्हणाला. दुसऱ्याने कागद टेबलावर पसरले, एका भोकाची लांबी व्हर्नियरने मोजली, माझ्या डब्यातली एक गोळी शेजारी ठेवली आणि विचारलं, "नळी बदलायची की गोळी? दोन्ही चालेल, पण आधी सांगा, नेम किती लांबवर धरायचाय?"